पैसे कट झाले, पण बॉक्स बोलला नाही : हॉटेलच्या गल्ल्यावरचा रोजचा घोळ कसा सोडवायचा

तुमच्याकडे यातलं नक्की काय होतंय ते आधी बघा.

ग्राहक फोन पुढे करतो, त्यावर हिरवी खूण दिसते, पण साउंडबॉक्स, म्हणजे आलेली रक्कम बोलून सांगणारा गल्ल्यावरचा बॉक्स, गप्प.

ग्राहकाच्या फोनवर चकती फिरत राहते आणि बँकेचा मेसेज मात्र येऊन पडतो, पैसे वजा.

बॉक्स बोलतो, पण वीस मिनिटांनी, पाच-सहा रकमा एकदम. तोवर ती टेबलं उठून गेलेली असतात.

एकाच टेबलावरच्या दोघांपैकी एकाचं पेमेंट झटक्यात होतं, दुसऱ्याचं कितीदाही केलं तरी होत नाही.

आठवडाभर सगळं ठीक, शनिवारी रात्री आठनंतर बोंब.

ॲपमध्ये विक्री दिसते, बँकेत रक्कम उतरत नाही.

ही सहाही लक्षणं 'पेमेंटचा प्रॉब्लेम' या एकाच नावाने माझ्याकडे येतात. मी २०१७ पासून ठाण्यात आणि नवी मुंबईत छोट्या हॉटेलांचं बिलिंग आणि हिशेब बघते. खानावळी, नाश्त्याची दुकानं, येऊरच्या रस्त्यावरचे ढाबे, बेलापूर-नेरुळकडचे काही लॉज. रात्री साडेनऊला फोन वाजला की बहुतेक वेळा हेच असतं, "ताई, गिऱ्हाईक म्हणतंय दिले, आपल्याकडे आले नाहीत, काय करू?" दर वेळी मी त्याच क्रमाने विचारत जाते. तोच क्रम इथे लिहिते आहे, फुकटात आणि मिनिटभरात होणारं आधी, खर्चाचं आणि वेळखाऊ शेवटी.

आधी पैशाची वाट

ग्राहकाने पिन टाकला की निरोप त्याच्या ॲपमधून एनपीसीआयच्या, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या, यंत्रणेकडे जातो. तिथून त्याच्या बँकेला कळतं, बँक रक्कम वजा करते. मग तुमच्या बाजूच्या बँकेत रक्कम जमा होते. जमा झाल्याचा निरोप ग्राहकाच्या फोनवर परततो आणि तुमच्या पेमेंट कंपनीच्या सर्व्हरवरही पोचतो. सर्वांत शेवटी त्या सर्व्हरवरून, बॉक्सच्या पोटातल्या सिममधून, बॉक्सला कळतं की बोल.

म्हणजे बॉक्स या साखळीच्या अगदी टोकाला आहे. त्याच्यापर्यंत निरोप पोचला नाही म्हणून पैसे आले नाहीत असं होत नाही. उलट बहुतेक वेळा पैसे येऊन पडलेले असतात आणि फक्त आवाज अडकलेला असतो.

हे गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगा, अगदी कालच कामाला लागलेल्या पोरालाही. दोन वर्षांपूर्वी तलावपाळीजवळच्या एका हॉटेलात मी हिशेबाला बसले होते. चार जणांचं कुटुंब, बिल ₹१,१८०. मुलाने पैसे भरले, फोनवर हिरवी खूणही आली, बॉक्स बोलला नाही. मॅनेजर म्हणाला, पुन्हा भरा. मुलाच्या खात्यात तेवढे उरले नव्हते. आजूबाजूची टेबलं बघत होती. शेवटी बरोबरच्या आजींनी बटव्यातून नोटा काढून मोजल्या. रात्री हिशेब जुळवताना ते ₹१,१८० ॲपमध्ये दिसले, अगदी त्याच मिनिटाचे. परत कुणाला करायचे? नंबर कुणी घेतलाच नव्हता. ॲपमधून परतावा करता येतो हे त्या रात्री मॅनेजरला माहीत नव्हतं. मी दाखवलं, पैसे परत गेले. पण आजींचा तो चेहरा मला अजून दिसतो. जेवायला आलेल्या माणसाला चोर ठरवायची वेळ येऊ नये म्हणून हे सगळं एवढ्या तपशिलात लिहिते आहे.

पहिलं : कंपनीच्या ॲपमधली यादी

खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. तुमच्या क्यूआरबरोबर मिळालेलं मर्चंट ॲप उघडा आणि व्यवहारांची यादी खाली ओढून ताजी करा. रक्कम आणि वेळ जुळली की विषय संपला. ग्राहकाला धन्यवाद म्हणा आणि जाऊ द्या.

हे ॲप फक्त मालकाच्या फोनवर असतं आणि मालक घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलेला असतो, ही खरी अडचण. बहुतेक कंपन्या गल्ल्यावरच्या माणसासाठी वेगळा लॉगिन देतात. त्यात त्याला आलेले पैसे दिसतात, पण काढता किंवा वळवता येत नाहीत. तो लॉगिन आजच करून घ्या. या लेखातलं बाकी काही केलं नाहीत तरी एवढं करा.

यादीत दिसत नसेल तर ग्राहकाकडे बारा आकडी नंबर मागा. त्याच्या ॲपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात यूटीआर किंवा आरआरएन असं लिहिलेलं असतं. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, खोटी हिरवी खूण दाखवणारी बनावट ॲप्स खरोखरच फिरताहेत. नंबर मिळाला की यादीत शोधा. मात्र मागायची रीत सांभाळा. "दाखवा बघू फोन" असं म्हणत हातातून फोन ओढणं हा अपमान आहे. "काका, तेवढा नंबर वाचून दाखवता का, मी इथे शोधतो" म्हटलं की शंभरातला एखादाच चिडतो.

दोन गोष्टींनी इथे फसगत होते. रात्री बारानंतर उघडं असणाऱ्या हॉटेलात बारा वाजून दहा मिनिटांचं पेमेंट पुढच्या तारखेत जातं, आणि आपण 'आज'च्या नावाने कालच्या यादीत शोधत बसतो. दुसरं, ग्राहक म्हणतो, "बँकेचा मेसेजच आला नाही, म्हणजे माझे गेलेच नाहीत." त्याने यूपीआय लाइटमधून भरले असतील तर प्रत्येक व्यवहाराचा मेसेज बँकेकडून येत नाही. लाइटमध्ये एका वेळी ₹१,००० पर्यंत पिनशिवाय जातात, म्हणून चहा-वडापावच्या बिलांत हे फार होतं. मेसेज नको, ॲपमधला इतिहास बघायला सांगा.

दुसरं : शेजारी विचारा

हे लोक विसरतात. बाजूच्या पानवाल्याला, समोरच्या मेडिकलवाल्याला विचारा, "तुमचं चालू आहे का?" सगळ्यांचंच बंद असेल तर दोष तुमच्या बॉक्सचा नाही, आणि तो दहा वेळा बंद-चालू करून काही मिळणार नाही. १२ एप्रिल २०२५ ला, शनिवारी, भर दुपारच्या जेवणाच्या वेळेला देशभर यूपीआय अडखळलं होतं. त्याआधी २६ मार्चच्या संध्याकाळीही. त्या शनिवारी वाशीतल्या एका खानावळीने घाबरून बॉक्स फॅक्टरी रिसेट केला, म्हणजे आतलं सगळं सेटिंग पुसून टाकलं. यूपीआय काही तासांत सुरळीत झालं, त्यांचा बॉक्स मात्र कंपनीचा माणूस येईपर्यंत चार दिवस मुका होता.

एकाच बँकेच्या ग्राहकांचं अडत असेल तर त्या बँकेचा सर्व्हर बसलाय. "दुसऱ्या खात्यातून होतंय का बघा" एवढं सांगितलं तरी निम्मी भांडणं टळतात.

तिसरं : बॉक्स स्वतः

आवाजाचं बटण, चार्जिंग, बंद करून चालू. या तिन्हीला मिळून दोन मिनिटं. हसण्यावारी नेऊ नका. काउंटर पुसताना फडक्याने आवाजाचं बटण दाबलं जाणं हे मी मोजता येणार नाही इतक्या वेळा बघितलंय. चार्जरची वायर काउंटरच्या मागे घड्या पडून आतून तुटलेली असते, दिवा लागल्यासारखा वाटतो आणि बॅटरी भरत नाही. दुसरी वायर लावून बघा.

मग जागा. हॉटेलात बॉक्स जिथे ठेवतात ती जागा बहुतेक वेळा सर्वांत वाईट असते : स्टीलच्या काउंटरच्या आतल्या कप्प्यात, कोल्ड्रिंकच्या फ्रिजला टेकून, मागे तव्याची वाफ. आतलं सिम मोबाइलच्याच रेंजवर चालतं आणि पत्र्याच्या पेटीत ती रेंज मरते. उशिरा आणि एकदम पाच-सहा रकमा बोलणं ही याचीच खूण. रेंज आली की साचलेले निरोप एकामागोमाग बाहेर पडतात. घोडबंदर रोडला तळघरातल्या एका रेस्टॉरंटने तीन महिन्यांत दोन बॉक्स बदलून घेतले होते. मी जाऊन बॉक्स फक्त जिन्याच्या तोंडाशी, काचेजवळ आणला. त्यानंतर तक्रार नाही.

जागा ठरवण्याची सोपी युक्ती अशी. बॉक्समध्ये ज्या कंपनीचं सिम आहे त्याच कंपनीचा फोन हातात घ्या, त्यात फक्त मोबाइल डेटा चालू ठेवा आणि काउंटरभर फिरवा. फोनवर पान लवकर उघडेल ती बॉक्सची जागा. कुठलं सिम आहे हे कस्टमर केअर सांगतं. येऊरला डोंगराच्या आडोशाला एका कंपनीची रेंज येते, दुसऱ्या कंपनीची बिलकुल येत नाही. तिथे बॉक्स बदलून मागण्यापेक्षा सिम बदलून मागा. वायफायवर चालणारी मॉडेलंही मिळतात.

बॉक्स उघडू नका. स्क्रू काढून सिम स्वतः बदलायला गेलात तर बदली बॉक्स मिळण्याची शक्यता संपते, आणि ते सिम तुमच्या नावावर नसतंच.

चौथं : भिंतीवरचा 'स्कॅनर'

आपल्याकडे क्यूआरच्या स्टिकरलाच सगळे स्कॅनर म्हणतात, मीही तेच म्हणते. बॉक्स फक्त स्वतःशी जोडलेल्या क्यूआरवर आलेल्या पैशांना आवाज देतो. काउंटरवर तीन कंपन्यांचे तीन स्कॅनर आणि बॉक्स एकच असेल तर दोन स्कॅनर कायम मुकेच राहणार. पैसे येतात, आवाज नाही, आणि मग 'बॉक्स खराब आहे' अशी तक्रार होते.

म्हणून सकाळी दुकान उघडण्याआधी एकदा पूर्ण फेरी मारा. काउंटर, प्रत्येक टेबल, पार्सलची खिडकी, बाहेरचा पानाचा ठेला तुमचाच असेल तर तोही. प्रत्येक स्कॅनरवर स्वतःच्या फोनवरून ₹१ पाठवा. तीन गोष्टी बघा : फोनवर नाव कुणाचं येतं, रक्कम कुठल्या ॲपमध्ये पडते, बॉक्स बोलतो का. दहा टेबलांना दहा रुपये आणि पंधरा मिनिटं. या एका फेरीत मला जेवढे दोष सापडलेत तेवढे दुसऱ्या कशातच नाहीत.

सानपाड्याला एक हॉटेल नव्या माणसाने चालवायला घेतलं. रंगकाम झालं, पाटी बदलली, मेनू बदलला. आतल्या फॅमिली रूममध्ये कॅलेंडरच्या मागे जुन्या चालकाचा स्कॅनर तसाच होता. एका वेटरने कॅलेंडर हलवलं, लोक तिथे स्कॅन करायला लागले. अडीच आठवडे त्या खोलीचा गल्ला रोज थोडा कमी भरत होता. नव्या मालकाने वेटरवर संशय घेतला. मुलगा रडकुंडीला आला होता. ₹१ ची फेरी मारल्यावर पाचव्या मिनिटाला उलगडा झाला. जुना चालक भला माणूस, त्याने यादी काढून सगळे पैसे परत पाठवले. सगळे तसे नसतात. मुद्दाम आपल्या स्टिकरवर दुसरा स्टिकर चिकटवून जाणारेही असतात, म्हणून कड उचकटलेली दिसली तर नख लावून बघा.

२०२५ च्या मध्यापासून पैसे भरण्याआधी ग्राहकाच्या स्क्रीनवर खातेदाराचं बँकेतलं नाव दिसायला हवं असा एनपीसीआयचा नियम आहे. याचा उपयोग करून घ्या. काउंटरवर मोठ्या अक्षरात लिहून लावा, 'पैसे भरताना हे नाव दिसेल'. हॉटेलचं नाव एक आणि खात्यावरचं नाव काकूंचं असं असेल तर ग्राहक बिचकतो आणि मागे फिरतो. तेही 'पेमेंट होत नाही' या तक्रारीतच मोडतं.

स्कॅन होतच नसेल तर कोपऱ्यांतले तीन चौकोन बघा. मधला भाग थोडा फाटला, त्यावर सांबार उडालं तरी कोड वाचला जातो, कारण त्यात चूक भरून काढण्याची सोय असते. पण त्या तीन चौकोनांवरून कॅमेऱ्याला कोड सापडतो. तिथेच तेलाचा डाग किंवा लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची चकाकी असेल तर सगळं अडतं. पुसा, तिरपा करा, नाहीतर नवा मागवा.

पाचवं : एकाचं होतं, दुसऱ्याचं होत नाही

हे लक्षण दिसलं की मी पहिला प्रश्न विचारते, स्कॅनर दुकानाच्या नावाचा आहे की तुमचा स्वतःचा? पुष्कळ छोट्या हॉटेलांत आणि घरगुती होमस्टेंमध्ये अजून मालकाचा वैयक्तिक क्यूआरच छापून लावलेला असतो. त्यावर बँक खात्यातून आलेले पैसे येतात. पण यूपीआयला जोडलेल्या रूपे क्रेडिट कार्डवरून वैयक्तिक क्यूआरला पैसे जात नाहीत, ते फक्त मर्चंट क्यूआरवर, म्हणजे दुकानाच्या नावाने घेतलेल्या क्यूआरवर, चालतं. तरुण ग्राहक हल्ली याच कार्डावरून भरतात. त्याचा फोन नीट, तुमचा स्कॅनर नीट, तरीही पेमेंट होत नाही.

परदेशी पाहुण्यांचंही तसंच. भारतात येणाऱ्या प्रवाशांसाठी यूपीआय वन वर्ल्ड नावाचं वॉलेट आहे, भारतातलं बँक खातं नसतानाही त्यांना त्यातून पैसे भरता येतात, पण मर्चंटलाच. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला विमानं सुरू झाली. उलवे, बेलापूर, पनवेलकडे खोल्या देणाऱ्यांनी तरी वैयक्तिक क्यूआरवर राहू नये.

मर्चंट क्यूआर घ्यायला लोक कचरतात कारण टक्का कापला जाईल अशी भीती असते. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराला शुल्क नाही. बॉक्सचं महिन्याचं भाडं वेगळं, ते जरूर विचारून घ्या. क्रेडिट कार्डवरून आलेल्या मोठ्या रकमांवर शुल्क लागू शकतं, तो आकडा तुमच्या करारात शोधा.

अजून एक कारण, मर्यादा. नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यावर पहिल्या २४ तासांत साधारण ₹५,००० च पाठवता येतात. सहलीला निघताना नवा फोन घेतलेला माणूस लॉजचं ₹६,२०० चं बिल भरू शकत नाही आणि कारण त्यालाही माहीत नसतं. साखरपुड्याच्या हॉलचा सव्वा लाखाचा ॲडव्हान्सही एका दमात जात नाही, कारण नेहमीची मर्यादा ₹१ लाख. तिथे एनईएफटीने घ्या.

सहावं : शनिवार रात्रीची बोंब

आता थोडा खर्च येतो. गर्दीच्या वेळीच अडत असेल तर दोष बहुधा टॉवरवरच्या भाराचा. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाची अंतिम लढत होती. त्या संध्याकाळी मी स्टेशनजवळच्या एका नाश्त्याच्या दुकानात बसून होते. फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या आणि पान मात्र उघडत नाही. आमचा बॉक्स वायफायवर असल्यामुळे ठणठणीत, ग्राहकांचेच फोन अडकलेले. येऊरला गटारीच्या आदल्या शनिवारी, उपवनला महोत्सवात, खारघरला पावसाळी सहलींच्या रविवारी हेच होतं.

उपाय म्हणजे केबलचं इंटरनेट आणि ग्राहकांसाठी वेगळं वायफाय. वेगळं म्हणजे खरोखर वेगळं, राउटरमध्ये 'गेस्ट' नावाची सोय असते ती. बिलिंगचा कॉम्प्युटर ज्या वायफायवर आहे त्याचा पासवर्ड ग्राहकाला कधीही देऊ नका. नेरुळच्या त्या दुकानात काउंटरवर गेस्टचा पासवर्ड लिहून लावला आणि दहा मिनिटांत रांग हलली. राउटरला छोटा बॅटरी बॅकअप घ्या, लाइट गेली की पहिल्यांदा तोच झोपतो.

गर्दीच्या दिवशी चाळीस जणांची बस आली तर बिल चाळीस ठिकाणी फोडू देऊ नका. टूरच्या माणसाला सुरुवातीलाच सांगा, एकाने भरा, आपापसांत नंतर करा. चाळीस पेमेंटांपैकी तीन अडकली की त्या तिघांना शोधता शोधता संध्याकाळ जाते.

सातवं : ॲपमध्ये आहेत, बँकेत नाहीत

हे सर्वांत काळजीचं वाटतं, पण बहुतेकदा साधं असतं. पेमेंट कंपनीच्या क्यूआरवर आलेले पैसे आधी कंपनीच्या खात्यात गोळा होतात आणि मग एकत्र तुमच्या बँकेत उतरतात, कुणाकडे दुसऱ्या दिवशी, कुणाकडे दिवसातून काही वेळा. पासबुकात ₹३४० शोधत बसलात तर सापडणार नाहीत, तिथे ₹१८,७६५ अशी एकच ओळ असेल. ॲपमध्ये 'सेटलमेंट' उघडा, त्या ओळीच्या आत सगळी बिलं दिसतात. रोज हे जुळवायची सवय लावा. महिन्याने जुळवायला बसलेल्यांचे हाल मी बघते.

सेटलमेंटच थांबलं असेल तर ॲपमध्ये कारण लिहिलेलं असतं. केवायसी (ओळखीची कागदपत्रं) बाकी आहे, बँक विलीन झाल्यामुळे आयएफएससी (शाखेचा कोड) बदलला, खातं बरेच दिवस न वापरल्यामुळे निष्क्रिय झालं. या तिन्ही गोष्टी कागदपत्रांनी मिटतात.

चौथं कारण असेल, पोलिसांच्या सांगण्यावरून खातं गोठवलंय, तर इथे थांबा. पुढचं वाचा.

इथे हात आवरा

ग्राहकाचे पैसे गेले आणि तुमच्या ॲपमध्ये बारा आकडी नंबर टाकूनही दिसत नाहीत. अशा वेळी गल्ल्यावर काही दुरुस्त होणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार, ग्राहकाचे पैसे वजा झाले आणि दुकानापर्यंत खात्री पोचली नाही, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत जायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला ₹१०० भरपाई ग्राहकाला मिळायला हवी. हे त्याला सांगा, तारीख लिहून द्या, त्याच्या बँकेत तक्रार करायला सांगा. बिलाचं काय करायचं हे माणूस बघून ठरवा. मी मालकांना सांगते, रक्कम छोटी असेल तर नाव-नंबर घेऊन जाऊ द्या. बहुतेक लोक दुसऱ्या दिवशी फोन करून भरतात. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हेल्पलाइन १४४४८.

खातं गोठवलं असेल तर त्याचं कारण बहुधा असं : कुणीतरी दुसऱ्याला फसवून मिळवलेल्या पैशांतून तुमच्याकडे जेवला किंवा राहिला, आणि पैशाचा माग काढताना तुमचंही खातं साखळीत सापडलं. तुम्ही काही केलेलं नसतं, पण हे फोनवर मिटत नाही. शाखेत जाऊन लेखी घ्या, कुठल्या राज्यातल्या कुठल्या पोलीस ठाण्याची तक्रार, तिचा नंबर, किती रक्कम अडकवली. त्या व्यवहाराचं बिल, लॉज असेल तर रजिस्टरमधली नोंद आणि ओळखपत्राची प्रत काढून ठेवा. मग वकील गाठा. "खातं उघडून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका.

फसवणूक झाली असेल तर वेळ घालवू नका, लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. होमस्टेवाल्यांना येणारा ठरावीक फोन ओळखून ठेवा : मोठं बुकिंग, ॲडव्हान्स पाठवतो म्हणतात आणि 'हा कोड स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील' सांगतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. दुसरा प्रकार, 'चुकून जास्त गेले, या नंबरवर परत करा'. परत करायचेच असतील तर ॲपमधल्या त्याच व्यवहारावरून परतावा करा, दुसऱ्या नंबरवर नाही. आणि कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. ॲपच्या आत किंवा बॉक्सच्या मागे छापलेलाच घ्या.

वर्षाचे आकडे बघून जीएसटीची धास्ती वाटत असेल तर सीएकडे जा, स्कॅनर काढून टाकू नका. दुरुस्ती आणि कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि वरचे सातही उपाय करून एका आठवड्यात तीनदा तोच दोष आला तर कंपनीचा माणूस बोलवा. तो येण्याआधी गल्ल्याजवळच्या वहीत एवढं लिहिलेलं असू द्या : मर्चंट आयडी, बॉक्सच्या मागचा नंबर, अडकलेल्या तीन व्यवहारांची तारीख, वेळ, रक्कम, टेबल आणि बारा आकडी नंबर, त्या वेळी बॉक्सवर कुठला दिवा होता. नुसतं 'चालत नाही' म्हटलं तर तो बॉक्स बंद-चालू करून निघून जातो. ही वही पुढे केली की त्याला सर्व्हरवर शोधावंच लागतं, आणि त्याला जे सापडेल तेही त्याच पानावर त्याच्याकडूनच लिहून घ्या.